लिडिया अमोलिकचा हिरवा रंग

श्रीरामपूरच्या अमोलिकांच्या घरात दोन वर्षं कुणी धड पिवळं ऑम्लेट खाल्लं नव्हतं. अंडी येत नव्हती असं नाही. ट्रेच्या ट्रे येत होती. पण बलक तेवढे डब्यात बसून लिडियाबरोबर कॉलेजला जायचे आणि घरच्यांच्या ताटात पडायचं ते पांढरंफटक. धाकट्या भावाच्या, सॅमसनच्या, ते पथ्यावरच पडलं, कारण तो व्यायामशाळेत जायचा आणि दंड दाखवत हिंडायचा. आई मार्थाबाई मात्र रोज एकदा तरी करवादायच्या, "अंड्यातला जीव तू नेती लिडे, आन् आमाला नुसता फेस ठेवती."

लिडिया अमोलिक म्हणजे छत्तिशीची, बुटकी, चष्मेवाली, तोंडानं फटकळ बाई. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे काय, तर मार्चमध्ये पोरांचे पेपर झाले की बाईंची नोकरी संपली आणि जूनमध्ये पुन्हा मुलाखत. इतकी वर्षं शिकवूनही दर जूनला समोरची मंडळी तिला गंभीर चेहऱ्यानं विचारायची, "शिकवण्याचा काही अनुभव?" तिला एकदा सांगावंसं वाटलं होतं की, साहेब, तुमच्या शेजारी बसलेल्याला मीच शिकवलंय. कायम व्हायचं तर पीएचडी पाहिजे, आणि पीएचडीची तिची शेवटची मुदतवाढ चालू होती. फेब्रुवारीत नगरला समिती बसणार होती. तिथं काम पटलं तर प्रबंध लिहायचा, नाही पटलं तर नोंदणी रद्द, की पुन्हा आयुष्यभर जून महिना आहेच.

काम तरी काय होतं? मार्थाबाईंनी हा प्रश्न एकदा मेथी निवडता निवडता विचारला होता, आणि लिडियानं उत्तरही मेथी निवडता निवडताच दिलं.

"मम्मी, आपलं शरीर पेशींचं. प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट पडदा असतो. तो कुठं घट्ट असतो, कुठं सैल. आजारपणात बदलतो, म्हातारपणात बदलतो. तो कसा आहे ते मला बघायचंय."

"मंग हात लावून बघ की."

"हात मावत नाही ना त्यात! म्हणून मी एक रंग बनवतीये. त्याचा एकेक कण त्या पडद्यात जाऊन बसतो. हे बघ, पंगतीत माणसं खेटून बसली की पाणीवाल्याला मधे शिरता येत नाही. सैल बसली की शिरतो. तसं सैल पडद्यात पाणी शिरतं. माझ्या रंगाला पाणी लागलं की तो जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकला पाहिजे, नाही लागलं की निळा. हिरवा दिसला की समजायचं पडदा सैल, निळा दिसला की घट्ट."

"आन् चमकतो का?"

लिडियानं मेथीची एक काडी उगाचच तीनदा मोडली. "निळाच चमकतो मेला. कुठंही टाका, निळाच."

हे खरं होतं. बलकातला स्निग्ध भाग, म्हणजे लिपिड, वेगळा काढून, पाण्यात घुसळून ती त्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक फुगे बनवायची. नुसत्या बलकाचे फुगे सैल, आणि त्यात कोलेस्टेरॉल घातलं की घट्ट. एका नळीत सैल, दुसरीत घट्ट, दोन्हींत रंगाचा थेंब. मग काळ्या खोक्यात दिव्याखाली धरायचं. आणि दोन्हीकडे निळं, निळं, निळं. तिचे गाईड माधव टाकळीकर सर, ज्यांची ती बीएस्सीपासूनची विद्यार्थिनी, खोक्यात डोकावून नुसतं "हं" म्हणायचे. सरांच्या त्या "हं"ची तिला धडकी भरायची.

त्यात चर्चचा हंगामाचा सण आला. शेतात, परसात जे पिकेल ते लोक त्या दिवशी देवापुढे आणतात. भोपळे, उसाच्या मोळ्या, केळीचा घड, कोंबडा, कुणी घरच्या पपईसुद्धा. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. बोली लावायला सगळे हौसेचे. दुकानात वळूनही बघणार नाहीत अशी वांगी तिथं ईर्ष्येनं घेतात. लिडियानं आईला सांगून ठेवलं होतं, "येताना चौकातून अंड्यांचा ट्रे आण. काढून ठेवलेलं लिपिड निम्मंच उरलंय." आणि मार्थाबाईंनी काय करावं? लिलावात मंडळीतल्या म्हाताऱ्या शेवंताबाईंच्या गावरान कोंबड्यांची टोपलीभर अंडी निघाली. त्यांनी पाळकांच्या बायकोशी चुरस लावून, पदर खोचून, ती टोपली जिंकली.

"साधी अंडी न्हाईत ती, देवाला वाहिल्याली," दारातूनच त्यांनी जाहीर केलं. "आता बघ कसं हुत न्हाई तुझं काम."

लिडियाला हसू आलं. हो-नाही करावं तर आईचा चेहरा पडेल, म्हणून तिनं टोपली तशीच कॉलेजात नेली. घट्ट फुग्यांची नळी जुन्या लिपिडातून भरून झाली होती. सैल फुग्यांसाठी तिनं या नव्या अंड्यांतलं लिपिड काढलं, नेहमीसारखं दोनदा धुतलं, आणि घाईघाईनं नळी भरली.

खोक्यात डोकं घातलं आणि ती किंचाळली.

प्रयोगशाळेतला शिपाई पुंजाराम पळत आला. त्याला वाटलं, बाईंनी हात भाजला. बघतो तर बाई खोक्याला कवटाळून उभ्या. आत एक नळी निळी आणि एक नळी चक्क हिरवी! पोपटी म्हणा ना. टाकळीकर सरही आले, वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "वा!" इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून "वा" फक्त चहाला निघालेला तिनं ऐकला होता.

पुढचा आठवडा म्हणजे नुसती धमाल. मार्थाबाईंनी चर्चमध्ये लेकीसाठी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे जाहीर आभार, करवून घेतली. पाळकसाहेबांनी "आपल्या भगिनीला लाभलेलं यश" असं म्हणत अख्ख्या मंडळीला उभं केलं. सॅमसन तर काय, निमित्तच शोधत होता. त्यानं चौकात फ्लेक्स लावला. लिडियाचा ओळखपत्रावरचा रागीट फोटो, मागे परीक्षानळ्या, वर "जागतिक रंगाच्या शोधाबद्दल हार्दिक अभिनंदन" आणि खाली शुभेच्छुक म्हणून व्यायामशाळेच्या बारा जणांचे तिच्या फोटोपेक्षा मोठे फोटो. रिक्षावाले तिला बघून हात करायला लागले. लिडिया वरवर वैतागायची, पण घरी जाताना वाट वाकडी करून चौकातून जायची, हेही खरंच.

आणि मग एका दुपारी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना प्रॅक्टिकल दाखवताना घात झाला. पोरांना नुसतं चमकणं दाखवायचं म्हणून तिनं कपाटातला एक साधा जुना रंग काढला. त्या बापड्याला घट्ट-सैल काही कळत नाही. तो कुठंही निळाच असतो. समोर उरलेल्या सैल फुग्यांची बाटली होती, त्यात तिनं थेंब टाकला, दिव्याखाली धरला आणि सवयीनं म्हणाली, "बघा, निळा."

"मॅम, हिरवाय," पुढच्या बाकावरची ईरा म्हणाली.

लिडियानं बघितलं. हिरवा होता. जो रंग जन्मात हिरवा होऊ शकत नाही तो हिरवा झाला होता. तिनं बाटली उचलली आणि खिडकीपाशी उन्हात धरली. दुधासारख्या त्या पाण्यावर अगदी हलकी, साईवर असते तशी पिवळट झाक होती. जुन्या लिपिडाची बाटली शेजारी धरली. ती पांढरीशुभ्र.

पोल्ट्रीच्या अंड्यांचा फिकट बलक दोनदा धुतला की त्याचा पिवळा निघून जायचा. शेवंताबाईंच्या कोंबड्या हिंडून हिरवा पाला, किडे-मुंग्या खाणाऱ्या. त्यांच्या बलकाचा केशरी दोन धुण्यांत कुठला जातोय? तो मागे राहिला होता आणि निळा उजेड गिळत होता. निळा गेला की उरतो तो हिरवा. तिच्या रंगानं काहीच ओळखलं नव्हतं. तो पहिल्यासारखाच निळा चमकत होता आणि कोंबड्यांचा पिवळा त्याला हिरवा करून दाखवत होता.

पोरांना तिनं लवकर सोडलं.

आता हे कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. फोटो काढून झालेले, आकडे मशीनवर घेतलेले, सर खूश. समितीतली माणसं काही श्रीरामपूरला येऊन शेवंताबाईंच्या कोंबड्या बघणार नव्हती. गप्प बसलं की पीएचडी, पीएचडी झाली की कायमची नोकरी. तोंड उघडलं की हातात शून्य आणि वर चौकात फ्लेक्स. लिडिया तीन-चार दिवस कुणाशी नीट बोलली नाही. जेवताना मार्थाबाईंनी दोनदा कपाळाला हात लावून बघितला. तिला आपला राग येत होता, आईचा येत होता, कोंबड्यांचासुद्धा येत होता. आणि सगळ्यांत जास्त त्या हिरव्याचा येत होता, कारण तो इतका सुरेख दिसला होता.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" दुखण्यातून उठलेले, नोकरी लागलेले असे लोक तेव्हा उभे राहतात. लिडिया उभी राहिली. शेजारी मार्थाबाई कौतुकानं सरसावून बसल्या.

"मागं माझ्यासाठी उपकारस्तुती झाली," ती म्हणाली, "ती परत घ्यायची आहे."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "उपकारस्तुती... परत घेत नाहीत, लिडियाबाई. तशी काही पद्धत नाही."

"मग पद्धत पाडा, साहेब. कारण जे झालं म्हणून सांगितलं ते झालेलंच नाही. चूक माझी. अंड्यांचा पिवळा राहून गेला आणि मला तो माझा रंग वाटला."

मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. बायकांच्या बाजूनं शेवंताबाई ताडकन म्हणाल्या, "मंग माझ्या कोंबड्यांनी काय केलं गं?"

"काही नाही, आजी. त्या चांगलं खातात, एवढंच."

हशा पिकला. पण मार्थाबाई हसल्या नाहीत. उपासना संपल्यावर त्या तडक घरी निघाल्या. नेहमी दोघी बरोबर चालायच्या. आज त्या दहा पावलं पुढं आणि लिडिया मागं. घरी आल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "न्हाई सांगितलं अस्तं तर चाललं नस्तं व्हय?"

"चाललं असतं."

"मंग?"

"मग तो रंग उद्या कुठल्या डॉक्टरच्या हातात गेला असता, मम्मी. कुणाच्या तरी पेशी बघायला. आणि तिथं खोटं बोलला असता. माझ्या नावानं."

मार्थाबाईंनी भिंतीवरचा विळा काढला, सॅमसनला हाक मारली, आणि मायलेक चौकात गेले. फ्लेक्सच्या दोऱ्या त्यांनी स्वतःच्या हातानं कापल्या. तो फ्लेक्स पुढं सरपण झाकायला कामी आला, उलटा. सॅमसनच्या बारा मित्रांना त्याचं फार वाईट वाटलं. घरी येऊन मार्थाबाईंनी लेकीपुढं ताट ठेवलं आणि त्या एवढंच म्हणाल्या, "खा. आता रडायचं न्हाई."

सोमवारी तिनं सांगितलं तेव्हा टाकळीकर सर मात्र भडकले. "अगं, दोन्ही नळ्यांना एकाच डब्यातलं लिपिड घ्यायचं, हे बीएस्सीच्या पोराला कळतं! आणि मी पण 'वा' म्हणालो! मी!" स्वतःच्या "वा"चा राग त्यांना जास्त आला असावा. खोलीत दोन येरझारा घालून ते खुर्चीत बसले. "बरं. झालं ते झालं. आता हे सांग, तुझा रंग कायम निळाच का?"

हा प्रश्न तिनं दोन वर्षं स्वतःला विचारला होता, पण दर वेळी रडवेलं होऊन. आज गमवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे डोकं कसं मोकळं होतं. तिनं फळ्यावर तो रेणू काढला. मागे लांब तेलकट शेपटी, ती पडद्यात रुतायला. पुढे चमकणारं डोकं. आणि बघता बघता तिचा खडू थांबला.

"सर, डोकं पण तेलकटच आहे की याचं."

"मग?"

"मग हा पंगतीत बसलाच नाही. हा आत कोठीघरात जाऊन झोपलाय! पडद्याच्या पार मधे, जिथं पाणी पोचतच नाही. पडदा घट्ट असो का सैल, याला कधी कळणारच नाही. याला वर ओढून दारात बसवायला पाहिजे."

सर "हं" म्हणाले. पण हा "हं" वेगळा होता.

वर ओढायचं म्हणजे डोक्याच्या टोकाला पाण्याची ओढ असलेला एक तुकडा जोडायचा, आम्लाचा. शेपटी तेलात, तुकडा पाण्यात, म्हणजे गडी बरोबर उंबऱ्यावर. फळ्यावर हे पाच मिनिटांत होतं. प्रत्यक्षात पहिल्या खेपेला फ्लास्कमध्ये डांबर तयार झालं. दुसऱ्या खेपेला काहीच तयार झालं नाही, आणि डांबरापेक्षा ते जास्त अपमानास्पद वाटलं. नाताळ आला. अमोलिकांकडे करंज्या तळल्या गेल्या, गाणी म्हणत पोरं दारावर येऊन गेली, आणि लिडियाच्या अंगाला करंज्यांपेक्षा ॲसिटोनचाच वास येत होता. मार्थाबाई तिचा डबा भरून द्यायच्या, विचारायच्या मात्र काही नाहीत. ते न विचारणं लिडियाला जास्त लागायचं.

जानेवारीत फिकट पिवळे स्फटिक हाताला लागले. या वेळी सगळं लिपिड एकाच ट्रेच्या अंड्यांचं, आणि धुताना त्यातला पिवळ्याचा मागमूस नाहीसा होईपर्यंत थांबायचं नाही. पुंजाराम म्हणाला, "बाई, लुगडं धुत्यात तसं चाललंय." रंगाचा थेंब टाकला, खोक्यात बघितलं. एक नळी निळी, दुसरी हिरवट. मागच्यासारखी पोपटी नाही. थोडकाच, पण स्वतःच्या अंगचा हिरवा. साधा जुना रंग घालून बघितला, तो दोन्हीकडे निळाच राहिला. तरी तिचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा बसेना. तिनं पुंजारामला नळ्यांची अदलाबदल करायला लावली, स्वतः पाठ करून उभी राहिली, मग ओळखल्या. पुन्हा लावली, पुन्हा ओळखल्या. पुंजाराम कंटाळला तेव्हा ती थांबली.

समितीच्या दिवशी ती टाकळीकर सरांबरोबर सकाळच्या एसटीनं नगरला गेली. काळं खोकं मांडीवर. समितीत तिघं, आणि त्यात पुण्याहून आलेल्या दमयंतीबाई नावाच्या परीक्षक. त्यांचा लौकिक असा की विद्यार्थी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लाससुद्धा जपून उचलायचे. लिडियानं पहिल्यांदा आधीचं काम दाखवलं आणि ते कसं खोटं निघालं ते सांगितलं, कोंबड्यांसकट.

"म्हणजे दोन वर्षांचं काम तुम्ही स्वतःच बाद करताय," दमयंतीबाई म्हणाल्या. "आणि हे नवं, दीड महिन्यातलं, ते मात्र खरं. एकदा फसलात, आता फसला नाहीत कशावरून?"

"माझ्यावर नका विश्वास ठेवू, मॅडम," लिडिया म्हणाली. "या दोन बाटल्या आहेत, घट्ट आणि सैल. या तीन रिकाम्या नळ्या. मी बाहेर जाते. तुम्हाला पाहिजे त्यात पाहिजे ते भरा, रंगाचा थेंब टाका आणि मला बोलवा."

टाकळीकर सरांनी दचकून तिच्याकडे बघितलं. हे ठरलेलं नव्हतं.

ती बाहेर व्हरांड्यात उभी राहिली. खाली कॉलेजची पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी बाद झाला म्हणून भांडत होती. तिनं प्रार्थना करायला डोळे मिटले, पण काय मागावं ते सुचेना. हिरवा मागावा, तर नळीत काय भरलंय तेच माहीत नाही. शेवटी तिनं डोळे उघडले आणि भांडण बघत राहिली.

आत बोलावलं. खोलीतले दिवे बंद केले, पडदे ओढले. तिनं तिन्ही नळ्या दिव्याखाली धरल्या. पहिली हिरवट. दुसरी हिरवट. तिसरीही हिरवट.

एकही निळी नाही.

रंग बिघडला? बाटल्या खराब झाल्या? दोन बाटल्या दिल्यावर कुणीही दोन्ही वापरणारच ना! 'एक निळसर वाटतेय' असं म्हणून टाकावं, असा विचार मनात आला आणि तिनं तो तिथंच ढकलून दिला. नळ्या तिनं पुन्हा बघितल्या, एकेक करून.

"तिन्ही सैल आहेत," ती म्हणाली.

"तिन्ही?" अंधारातून दमयंतीबाईंचा आवाज आला. "तुम्ही दोन बाटल्या दिल्यात. मी एकच वापरेन?"

"तुम्ही काय वापरलंत ते मला माहीत नाही, मॅडम. हा जे सांगतोय ते मी सांगतेय. यात घट्ट एकही नाही."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"तिन्ही सैलच भरल्या होत्या मी," दमयंतीबाई म्हणाल्या. "वाटलं होतं, तुम्ही एखादी तरी निळी म्हणाल." मग अगदी वेगळ्या आवाजात, "प्रबंध लिहायला घ्या."

लिडिया तशीच उभी राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ते चष्म्याखालून हनुवटीपर्यंत आलं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते, कारण त्यांत नळ्या होत्या. अध्यक्ष म्हणाले, "चला, लाइट लावा कुणीतरी."

"एक मिनिट, नका लावू," टाकळीकर सर अंधारातच म्हणाले. "अजून जरा बघू द्या."